परदेशातली फायनान्सची नोकरी सोडून कोल्हापुरात समाजकार्य करू पाहणाऱ्यांना खुले पत्र

स.न.वि.वि.

लंडन, दुबई, सिंगापूर, टोरांटो, न्यू जर्सी इथल्या बँकांत, फंडांत आणि ऑडिट फर्ममध्ये अर्धी उमर घालवलेली आपल्या जिल्ह्यातली पुष्कळ माणसं हल्ली ‘आता गावाकडं येऊन काहीतरी करावं’ म्हणतात. हे पत्र त्यांना आहे. लिहिणारे आम्ही इथल्या न्यासांचे, वसतिगृहांचे, शाळा चालवणाऱ्या संस्थांचे आणि बचत गटांचे हिशेब लिहिणारे आणि तपासणारे काही जण.

तुमच्या हेतूबद्दल आम्हाला शंका नाही. सांगायचं ते एवढंच, की सल्लागार म्हणून येऊ नका आणि देणगीदार म्हणूनही आधी येऊ नका. पहिली दोन वर्षं खजिनदाराच्या शेजारची खुर्ची घ्या. योजना सुचवणारे आणि व्यासपीठावर बसणारे कोल्हापुरात कमी नाहीत. कीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) रोजच्या रोज लिहिली जाते का, हे बघणारा माणूस मात्र शोधून सापडत नाही, आणि चांगल्या चाललेल्या संस्था अडकतात त्या बहुतेक वेळा तिथंच.

आधी तुमच्या पासपोर्टचं बघू, कारण पहिला घोळ तिथं होतो. पासपोर्ट भारतीय असेल, तर परदेशातल्या स्वतःच्या बचतीतून, नेहमीच्या बँकिंग मार्गानं दिलेले पैसे एफसीआरए २०१० (परकीय देणग्यांचा कायदा) खाली परकीय देणगी धरले जात नाहीत. संस्थेनं पावतीच्या स्थळप्रतीला पासपोर्टची झेरॉक्स जोडून ठेवली की झालं. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय (भारतीय मुळाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असूनही तुम्ही कायद्याच्या लेखी परकीय स्रोत आहात. कोल्हापुरातल्या ताराबाई पार्कात कायमचं राहायला आलात आणि इथल्याच बँकेतून रुपयांत चेक दिलात, तरी ती परकीय देणगीच. तुमच्या देणगीइतकीच रक्कम घालणारी तुमची परदेशी कंपनी असेल, तर तिचे पैसेही परकीयच. एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेनं असा एक रुपयाही घेता कामा नये. वस्तूरूपात दिलं तर चालेल, अशी एक समजूत आहे; तीही चुकीची, कारण कायद्यात वस्तूही येतात.

मग नोंदणी काढू म्हणाल, तर संस्था किमान ३ वर्षं चालू हवी आणि मागच्या ३ वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. त्यातले २० टक्क्यांपेक्षा जास्त प्रशासनावर घालता येत नाहीत, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या संस्थेला पुढे देताही येत नाहीत. दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत एफसी-४ हा परकीय देणगीचा वार्षिक अहवाल भरायचा. पैसे आले नसतील त्या वर्षीही शून्याचा भरायचा. तीन खोल्यांत चालणाऱ्या संस्थेला हा संसार झेपत नाही. तिथं तुमचा वेळ द्या. वेळेला परकीय देणगी म्हणत नाहीत.

तुमच्या स्वतःच्या पैशांचं थोडक्यात. परत आल्यावर एनआरई (अनिवासी भारतीयाचं रुपयांतलं) खातं तसंच ठेवता येत नाही. ते निवासी खात्यात किंवा आरएफसी, म्हणजे निवासी माणसाच्या परकीय चलनातल्या, खात्यात बदलून घ्यावं लागतं. एफसीएनआर (अनिवासींची परकीय चलनातली) ठेव मुदत संपेपर्यंत ठेवता येते. आधीच्या १० पैकी ९ वर्षं अनिवासी असाल किंवा मागच्या ७ वर्षांत ७२९ दिवसांपेक्षा जास्त इथं राहिला नसाल, तर काही काळ ‘निवासी, पण सर्वसाधारण निवासी नाही’ हा दर्जा मिळतो आणि परदेशातल्या उत्पन्नावर सहसा इथं कर लागत नाही. तो काळ साधारण २ ते ३ वर्षांचा. बिनपगारी काम करायचं असेल तर ती मुदत डोक्यात ठेवूनच घरखर्चाचं गणित मांडा. नंतर परदेशी खाती आणि शेअर विवरणपत्रात दाखवावे लागतात, आणि न दाखवल्याचा दंड मोठा आहे.

आता संस्था निवडणं. ओळखीच्या अध्यक्षांनी ‘या की आमच्यात’ म्हटलं म्हणून लगेच विश्वस्त होऊ नका. आधी धर्मादाय कार्यालयातला परिशिष्ट १ चा, म्हणजे संस्थेच्या आणि विश्वस्तांच्या नोंदीचा, उतारा मागा. त्यावर कुणाची नावं आहेत ते वाचा. निम्मी माणसं वारलेली किंवा सोडून गेलेली असतील, तर चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याच्या नोंदी) भरलेले नाहीत किंवा प्रलंबित आहेत, असं समजा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०, म्हणजे धर्मादाय कायदा, त्याच्या कलम २२ नुसार बदल झाल्यापासून ९० दिवसांत ही नोंद द्यायची असते. ती राहिली की बँक सही बदलून देत नाही, जागेच्या परवानगीचा अर्ज पुढे सरकत नाही आणि दोन गट पडले तर दोघंही स्वतःला खरे विश्वस्त म्हणवतात. तुमचं नाव परिशिष्टावर चढेपर्यंत चेकवर सही करू नका, कुणी कितीही गळ घातली तरी.

बरोबर संस्थेची घटना, मागच्या ३ वर्षांचे ऑडिट झालेले ताळेबंद, आयकराच्या नोंदणीचे आदेश आणि सभांचं प्रोसिडिंग बुक मागा. आदेशावरची मुदत बघा. ही नोंदणी आता कायमची नसते. ५ वर्षांची असायची. वार्षिक उत्पन्न ५ कोटींच्या आत असलेल्या संस्थांना १ एप्रिल २०२५ पासूनच्या अर्जांवर बारा-ए, म्हणजे संस्थेच्या उत्पन्नावरच्या करमाफीची नोंदणी, १० वर्षांची मिळू लागली. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान ६ महिने आधी जावा लागतो, आणि ही तारीख कार्यालयातल्या भिंतीवर कुठंच लिहिलेली नसते. आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनचा असल्यामुळं कलमांचे आकडे बदलले आहेत. इथं सगळे अजून ‘बारा-ए’ आणि ‘ऐंशी-जी’ (देणगीदाराला करसवलत देणारी नोंदणी) असंच म्हणतात, तुम्हीही म्हणा.

तुमच्या सीएफए, सीपीए किंवा एसीसीए या परदेशी पात्रतांनी न्यासाच्या ऑडिटवर सही करता येत नाही. त्याला इथला सीए लागतो. आणि इथले सीए असाल, तर ज्या संस्थेचे विश्वस्त त्याच संस्थेचे लेखापरीक्षक होऊ नका. गावात ‘घरचाच माणूस आहे, करून टाकेल’ असा आग्रह होतो. तो मोडून काढा.

पहिले तीन महिने फक्त वह्या. टॅलीत काय आहे ते नंतर बघा. आधी पावती पुस्तकं मोजा: किती छापली, कुणाला दिली, किती परत आली. पुस्तकांची नोंदवही बहुतेक ठिकाणी नसते. ती सुरू करा, आणि जुनं पुस्तक जमा झाल्याशिवाय नवं द्यायचं नाही असा ठराव करून घ्या. मग क्यूआर कोड. सध्याचा सगळ्यात मोठा गोंधळ हाच आहे: कार्यक्रमात घाईनं कार्यकर्त्याच्या मोबाईलवरचा कोड लावला जातो, पैसे त्याच्या खात्यात जमतात आणि तो नंतर एकरकमी संस्थेत भरतो. माणूस कितीही सरळ असला तरी कागदावर ती त्याची एकट्याची देणगी दिसते आणि बाकीच्या देणगीदारांची नावं जातात. कोड संस्थेच्याच खात्याचा हवा, आणि यूपीआयनं आलेल्या प्रत्येक रकमेचं नाव आणि पॅन त्याच दिवशी विचारून ठेवायचं. महिन्यानंतर स्टेटमेंटवर नुसता व्यवहार क्रमांक उरतो. त्यावरून माणूस सापडत नाही.

हे पॅन कशाला, तर ऐंशी-जीसाठी. देणगीदारांचं वार्षिक विवरण, ज्याला सगळे १०बीडी म्हणतात, ३१ मेपर्यंत भरावं लागतं आणि त्यातूनच देणगीदाराचं प्रमाणपत्र तयार होतं. उशीर झाला की दिवसाला २०० रुपये. २,००० रुपयांच्या वर रोख दिलेल्या देणगीला सवलत नाही, हे पावती फाडतानाच सांगावं. नव्या कररचनेत गेलेल्या देणगीदाराला सवलत मिळतच नाही, म्हणून तो पॅन द्यायला कंटाळतो. तरी घ्यावं, कारण नावगाव नसलेल्या देणग्या ठरावीक मर्यादेपुढं गेल्या की त्यावर ३० टक्के कर बसतो.

खर्चाच्या बाजूला ‘उचल’ बघा. फिल्डवरच्या माणसाला ५,००० रुपये उचल दिली, त्यानं ३,८०० ची बिलं आणली, उरलेले १,२०० पुढच्या उचलीत मिसळले. वर्षअखेरीला खतावणीत त्याच्या नावावर मोठा आकडा दिसतो आणि तो मात्र शपथेवर सांगतो की सगळं खर्चलं. नियम साधा ठेवा: ७ दिवसांत हिशेब, आधीची उचल मिटल्याशिवाय दुसरी नाही. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांच्या वर रोख दिले, तर तो खर्च आयकराच्या दृष्टीनं संस्थेच्या कामावरचा खर्च धरला जात नाही. मंडपवाला, केटरर, वाळू-विटा या तिघांपाशी हे हमखास घडतं. कंत्राटदाराचं एक बिल ३०,००० च्या वर गेलं किंवा वर्षाची बेरीज १ लाखाच्या वर गेली की टीडीएस कापायचा. नाही कापला, तर त्या रकमेचा ३० टक्के भाग खर्चातून वगळला जातो.

बँक ताळमेळ महिन्याला करा, वर्षाला नव्हे. संस्थेची चार बँकांत पाच खाती असतील, त्यातली दोन कुणी वापरत नसेल, तर ठराव करून बंद करा. डेडस्टॉक रजिस्टर घेऊन प्रत्येक खोलीत एकदा फिरा. कंटाळवाणं काम आहे, पण शिलाई मशिनं आणि संगणक कागदावर किती नि जागेवर किती, हे त्याशिवाय कळत नाही.

आता दोन चुका, ज्या तुमच्यासारख्या सुस्थितीतल्या आणि भल्या माणसाकडूनच होतात. पगाराला पैसे कमी पडले, अनुदान यायचं आहे, म्हणून खजिनदार स्वतःच्या खात्यातून ३ लाख ‘तात्पुरते’ घालतो. धर्मादाय कायद्याच्या कलम ३६-अ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विश्वस्ताला न्यासासाठी कर्ज घेता येत नाही. उसनवारी हेसुद्धा कर्जच. ताळेबंदात ‘विश्वस्तांकडून उसनवार’ ही ओळ दिसली की लेखापरीक्षकाला शेरा मारावाच लागतो. द्यायचेच असतील तर देणगी द्या, परत मागू नका. आणि तेही वरची पासपोर्टची भानगड तपासून.

दुसरी चूक जास्त व्याजाची. आपल्याकडं गल्लोगल्ली पतसंस्था. बँकेपेक्षा टक्का-दीड टक्का जास्त देतात, चेअरमन ओळखीचे असतात, आणि फायनान्सवाला माणूस परतावा बघतोच. न्यासाचा पैसा पतसंस्थेत ठेवायचा नाही. धर्मादाय कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे, आयुक्तांची वेगळी परवानगी नसेल तर, तो शेड्यूल्ड बँक, पोस्टाची बचत बँक, शासनमान्य सहकारी बँक किंवा सरकारी रोख्यांतच ठेवता येतो. आयकरातही सहकारी बँक चालते, पतसंस्था चालत नाही. चुकलं, तर नुसती ठेव धोक्यात येत नाही, त्या उत्पन्नाची करसवलत जाते. शेअर बाजाराचा तर विचारही नको. तुम्ही आयुष्यभर पोर्टफोलिओ हाताळले असतील, इथं तुमच्या कौशल्याला कायद्यानं कुलूप आहे, आणि आमच्या मते ते योग्यच आहे.

मालमत्तेबाबतही तसंच. १९०१ च्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून शाहू महाराजांच्या काळात इथं वसतिगृहांची परंपरा उभी राहिली, आणि शहरातल्या अनेक जुन्या संस्थांकडं मोक्याच्या जागा आहेत. भाडं बघून तुमचे डोळे फिरतील. पण इमारत किंवा बिगरशेती जागा ३ वर्षांपेक्षा जास्त, शेतजमीन १० वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं द्यायची असेल, तर धर्मादाय कायद्याच्या कलम ३६ खाली आधी परवानगी लागते. विकसकाशी बोलणी करण्याच्या आधी, नंतर नव्हे.

वार्षिक गणितात कॉर्पोरेटवाल्याला सगळ्यात चमत्कारिक वाटतो तो ८५ टक्क्यांचा नियम. वर्षभरातल्या उत्पन्नाचे किमान ८५ टक्के त्याच वर्षी उद्दिष्टांवर खर्च व्हावे लागतात. शिल्लक पाडणं ही इथं कामगिरी नाही. आता सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीचं, बघा. कंपन्या मार्चअखेर जवळ आली की घाईनं पैसे देतात. समजा, संस्थेचं वर्षाचं उत्पन्न २० लाख, त्यातले १२ लाख २८ मार्चला आले आणि तोवरचा खर्च ७ लाख. लागतो १७ लाख. १० लाख कमी. यावर उपाय आहे: नेमका हेतू लिहून ठराव करायचा, ठरलेला फॉर्म विवरणपत्राच्या आधी भरायचा आणि ती रक्कम जास्तीत जास्त ५ वर्षांसाठी मान्य गुंतवणुकीत बाजूला ठेवायची. ठरावात ‘संस्थेच्या उद्दिष्टांसाठी’ असं मोघम लिहिलं तर तो टिकत नाही. ‘मुलींच्या वसतिगृहाच्या दुसऱ्या मजल्याचं बांधकाम’ असं लिहा. ज्या कंपनीकडून घ्यायचे, तिला तुमच्या संस्थेचा सीएसआर-१ चा नोंदणी क्रमांक लागतो, तो आधी काढून ठेवा. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या कारखान्यांकडं जाताना हेही बघा, की नफ्यातले २ टक्के सीएसआरवर खर्चण्याचं बंधन कंपनी कायद्यातल्या मर्यादेत बसणाऱ्या कंपन्यांनाच आहे. सहकारी साखर कारखाना किंवा दूध संघ त्यात येत नाही. तिथं मागायची पद्धत वेगळी.

तुमचं शिक्षण खरोखर कामी येतं ते बचत गटांत. कर्जाचा हप्ता महिन्याचा ठेवायचा, ही बँकेची सवय. आपल्याकडं दूध संस्थेचं बिल दहा दिवसांनी हातात येतं. हप्ता त्या बिलाला जोडला, तर थकबाकीची कटकट बरीच कमी होते. उसाचं बिल गठ्ठ्यानं येतं. ऊस नियंत्रण आदेशात १४ दिवस लिहिले आहेत, पण त्या भरवशावर हप्त्याची तारीख ठरवू नका. म्हणजे एकाच गटातल्या दोन बायकांची परतफेड वेगळी आखावी लागते. यासाठी सॉफ्टवेअर नको, वही पुरते.

त्याच बैठकीत फ्लॅट व्याज समजावून द्या. ५०,००० रुपये, २४ महिने, ‘फक्त १२ टक्के’ फ्लॅट: व्याज १२,०००, हप्ता सुमारे २,५८३. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. मायक्रोफायनान्स कर्जात वार्षिक दर लिहिलेलं माहितीपत्रक देणं २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी बंधनकारक आहे. वार्षिक ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत, हाही त्यातलाच नियम. बायकांच्या पिशवीत कर्जाची कार्डं असतात. ती मांडून बेरीज करा. पन्नास टक्क्यांचा आकडा कुठं ओलांडला ते त्यांनाच दिसेल. फक्त ‘कर्ज घेऊ नका’ असं व्याख्यान देऊ नका. गरज दवाखान्याची किंवा कॉलेजच्या फीची असते.

दुसरी जागा पुराची. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ नंतर पावसाळ्याआधी राखीव निधी ठेवायला हवा हे सगळ्यांना पटतं, पण तो काढायचा कधी आणि कुणी, हे लिहिलेलं नसतं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. ठराव त्याला बांधा: ३९ फुटांना सचिव आणि खजिनदार दोघांच्या सहीनं ठरावीक रक्कम काढून धान्य, ताडपत्री, पाण्याची सोय करायची, ४३ फुटांना दुसरा टप्पा, सभा नंतर. पाणी चढल्यावर प्रयाग चिखली किंवा आंबेवाडीतल्या विश्वस्ताला सभेला बोलवता येत नाही. पावतीवर हेतू ‘पूरग्रस्तांना अन्नवाटप’ असा अरुंद लिहू नका. ‘पूर मदत व पुनर्वसन’ लिहा, म्हणजे उरलेले पैसे वह्या-पुस्तकांना, घराच्या डागडुजीला वापरता येतात. आलेल्या चादरी आणि किट यांची किमतीपेक्षा नगांवर नोंद ठेवा: आले किती, कुठल्या गावात गेले किती, घेणाऱ्याची सही.

मानधनाचं संकोच न करता बोला. घटनेत तरतूद असेल आणि रक्कम कामाच्या मानानं वाजवी असेल, तर विश्वस्तालाही मानधन घेता येतं. अवाजवी असेल, तर करसवलतीवर गदा येते. फुकट काम करणार असाल तर तेही चांगलं, पण तुमच्यामुळं तीस वर्षं वही लिहिणाऱ्या कारकुनाचा पगार गोठवू देऊ नका. ‘साहेब फुकट करतात, तुला कशाला वाढ’ हे वाक्य समितीत हमखास निघतं. शिवाय प्रत्येक पद्धत त्याच्या हातात मराठीतून बसवा. तुम्ही बनवलेली इंग्रजी एक्सेल तुम्ही अमेरिकेला मुलीकडं गेलात की उघडत नाही.

यायचं ठरलं तर मार्चमध्ये येऊ नका. कुणाला बोलायला सवड नसते. फेब्रुवारीअखेर धर्मादायला द्यायचं अंदाजपत्रक, मग वर्षअखेर, सप्टेंबरला ऑडिट, ऑक्टोबरअखेर विवरणपत्र, आणि मध्ये गणपती. एप्रिलचा दुसरा आठवडा बरा. वर्षाच्या वह्या नुकत्या बांधलेल्या असतात आणि नव्या वर्षाची पहिली पानं कोरी असतात. येताना पासपोर्टची आणि ओसीआय असेल तर त्या कार्डाची प्रत, पॅन, आधार आणि पत्त्याचा पुरावा आणा. चेंज रिपोर्टला आणि बँकेला तेच लागतं. लॅपटॉप आणला तर आणा.

आपले,
कोल्हापूर जिल्ह्यातील संस्थांच्या हिशेबाचं काम करणारे काही जण